कॅमेरा चार मेगापिक्सेलचा, माणूस चार ठिपक्यांचा

"सदर इसम आपल्या भागात रात्री रेकी करताना आढळला आहे. दिसल्यास धरून ठेवा व पोलिसांना कळवा."

पावसाळा संपता संपता आमच्या वाईत हा मेसेज फिरला. सोबत अकरा सेकंदांची सीसीटीव्हीची क्लिप. रात्रीचे पावणेदोन. घाटाकडे उतरणारी अरुंद आळी. एक माणूस येतो, खांद्यावर गाठोडं, हातात लांब, लोखंडी वाटावं असं काहीतरी. एका दारासमोर थांबतो, मान वर करतो, पुढे निघून जातो. चेहरा म्हणाल तर करड्या रंगाचे दोन-चार चौकोन. सकाळी नऊपर्यंत ही क्लिप माझ्या फोनवर सहा ग्रुपांतून आली. कोणी हातातल्या वस्तूभोवती लाल गोल काढून 'कटावणी' असं लिहिलं होतं. एका महाभागाने 'परप्रांतीय टोळी' हेही शोधून काढलं होतं. करड्या चौकोनावरून प्रांत ओळखता येतो हे मला वीस वर्षांच्या पत्रकारितेत कोणी शिकवलं नव्हतं.

मला खटकलं ते 'धरून ठेवा'. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी म्हणून आधी 'धरून ठेवलं' होतं, मग पुढचं झालं. त्या काळात देशभर एक क्लिप फिरत होती. दोघे मोटरसायकलवरून येतात आणि गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात. बघणाऱ्याला ती सीसीटीव्हीची वाटायची. प्रत्यक्षात ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी मुद्दाम तशी चित्रित केलेली जाहिरात होती. शेवटी मुलगा परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात, तेवढा भाग कोणीतरी कापला होता. वरून, तिरकं, धूसर, कोपऱ्यात तारीख-वेळ, असं काही दिसलं की आपण ते पुरावा म्हणूनच बघतो. जितकं धूसर तितकं खरं!

म्हणून मी त्या क्लिपच्या मागे गेलो. कॅमेरा कोणाचा हे शोधायला अर्धा तास लागला, आमच्या गावात त्याहून जास्त लागत नाही. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणतात. जुना वाडा, घरात दोघंच, मुलगा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये. त्यानेच दिवाळीत चार कॅमेरे बसवून घेतले. त्या रात्री हालचालीची सूचना त्याच्या फोनवर तिकडे गेली, त्याने ॲप उघडलं, दिसलं ते स्क्रीनवर रेकॉर्ड केलं आणि वडिलांना पाठवलं: "बाबा, कडी नीट लावा." एवढंच. सरांनी ते पुतण्याला पाठवलं, पुतण्याने ग्रुपवर टाकलं, मजकूर तिसऱ्याच कोणी जोडला. साखळीत प्रत्येकाने आपापल्या परीने काळजीच घेतली होती.

मी म्हटलं, "सर, पेटीत बघू या का?" पेटी म्हणजे रेकॉर्डर. माडीवर धान्याच्या कणगीशेजारी ठेवलेला होता. त्याला टीव्ही जोडला, तारीख-वेळ लावली, पावणेदोनची दोन मिनिटं काढली. आणि पडद्यावर माणूस आला. चौकोन वगैरे नाही, अख्खा माणूस. साठीचा, चष्मा लावलेला, अंगावर मळकी बंडी. खांद्यावर गाठोडं होतंच, त्यातून पातेल्याची कड बाहेर आलेली. हातात कटावणी नव्हती, झारा होता. मोठा, लग्नकार्यात जिलब्या तळायला लागतो तसला. काकू मागे उभ्या राहून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, हे आपल्या सुहासच्या मुंजीला होते की! आचाऱ्याबरोबर यायचे ते." (मुलाचं नाव मी बदललंय.) मान वर का केली तेही त्या चित्रात होतं. आमच्या आळीतलं एक कुत्रं जोत्यावरून गुरगुरत होतं.

त्या आचाऱ्याला मी नंतर भेटलो. लांबच्या गावातलं कार्य उरकून टेम्पोने नाक्यावर उतरला होता आणि चालत घरी निघाला होता. क्लिप त्याच्या नातवाने त्याला दाखवली. पुढचे दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. "साहेब, झारा हातात घेऊन रात्रीचं जायचं म्हणजे आता भीतीच," असं हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

आता मुद्द्याचं. एकच कॅमेरा, एकच क्षण, मग दोन चित्रं कशी? लोक म्हणतात कॅमेरा स्वस्तातला असेल. नाही. कॅमेरा चांगला चार मेगापिक्सेलचा आहे. बिघडतं ते चित्र कॅमेऱ्यापासून फोनपर्यंत, नाहीतर कॉम्प्युटरच्या ब्राउझरपर्यंत पोचताना. बसवणारा मुलगा शिडीवरून उतरला, फोनवर चार चौकटी दिसल्या, पैसे घेतले, संपलं. त्या चौकटी कशा दिसतात याकडे त्याने बघितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

असला कॅमेरा एकाच वेळी दोन चित्रं पाठवत असतो. एक मोठं, मेन स्ट्रीम. ते पेटीत साठतं. दुसरं छोटं, सब स्ट्रीम, लांबून बघायला. सरांच्या घरी मोठं चित्र २५६० बाय १४४० ठिपक्यांचं होतं आणि छोटं ६४० बाय ३६०. गुणाकार करून बघा, छोट्यात मोठ्याच्या सोळावा हिस्सा ठिपके आहेत. शिवाय मोठ्याला सेकंदाला ४०९६ किलोबिट दिलेले, छोट्याला २५६. तोही सोळावा हिस्साच. दिवसा उजेडात हे खपून जातं. रात्री कॅमेरा अंधार उपसून काढतो तेव्हा चित्रभर मुंग्या येतात, त्या मुंग्याही कॅमेऱ्याला 'हालचाल' वाटतात, तुटपुंजे बिट त्यांच्यावरच खर्च होतात आणि माणसाच्या वाट्याला चौकोन उरतात. त्यावर मुलाने केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग, त्यावर व्हॉट्सॲपचं दाबणं. उसाचा चोथा तिसऱ्यांदा चरकात घालून रसाची अपेक्षा करायची.

कॅमेऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, ६२६७६ क्रमांकाचं. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत सरळ हिशोब दिला होता. दृश्यातल्या एक मीटर रुंदीवर २५ ठिपके पडत असतील तर 'कोणीतरी आहे' एवढं कळतं. ६२ पडले तर तो काय करतोय ते साधारण दिसतं. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. सरांच्या दारापाशी कॅमेऱ्याच्या दृश्याची रुंदी साधारण १० मीटर धरा. मोठ्या चित्रात मीटरला २५६ ठिपके आले, म्हणजे ओळख पटवता येईल असं चित्र. छोट्यात ६४. त्यावरून कोणीतरी चाललंय, हातात काहीतरी आहे, एवढंच बोलता येतं. आपलं गाव ६४ ठिपक्यांवर २५० ठिपक्यांचा निकाल देऊन मोकळं झालं होतं.

फोनच्या ॲपमध्ये बहुधा कोपऱ्यात 'एचडी' असं बटण असतं. चार चौकटींतली एक मोठी करायची आणि ते दाबायचं, मग मोठं चित्र येतं. मी गावात ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक नव्हतं. काहींना ठाऊक होतं, पण "दाबलं की गोल गोल फिरत बसतं हो," अशी तक्रार. सरांकडेही तेच. आणि इथून खरी गंमत सुरू होते.

इंटरनेटचं पॅकेज घेताना आपण '१०० एमबीपीएस' ऐकतो. तो आकडा आपल्याकडे येणाऱ्या पाण्याचा. कॅमेऱ्याला लागतं ते आपल्याकडून बाहेर जाणारं, अपलोड. वेग मोजायच्या ॲपमध्ये दुसरा आकडा येतो तो हा, आणि तो कोणी बघत नाही. सरांच्या माडीवर मोजला तर ३ एमबीपीएस. ४ एमबीपीएसचं चित्र ३ च्या नळातून कसं जाणार? मी आधी कनेक्शन देणाऱ्यावर संशय घेतला (पत्रकाराची खोड), पण खाली ओसरीवर राउटरला तार लावून मोजलं तर २८ आले. म्हणजे तक्रार कंपनीशी नव्हती, भिंतीशी होती. वाड्याच्या दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंती. त्या पेशव्यांच्या काळात उन्हाळा आणि तोफगोळे अडवायला बांधल्या, वायफायही चोख अडवतात. बसवणाऱ्याने भिंतीला भोक पाडायचा कंटाळा करून मध्ये वायफाय वाढवणारी डबी लावली होती आणि तिने वेगाचं पार पीठ केलं होतं. कौलांखालून, जिन्याच्या कडेने वीसेक मीटर लॅन केबल ओढली. अशी केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. काम दुपारच्या चहाआधी झालं. माडीवर २८.

वाई, मेणवली, पाचगणी, साताऱ्याच्या पेठा, सांगलीची जुनी गावठाणं, जिथे जिथे जुनी घरं आहेत तिथे ही पहिली गोष्ट तपासा. कॅमेरा बदलायच्या आधी तार बदला.

सरांच्या मुलाशी मी फोनवर बराच वेळ बोललो. त्याने घरी एक जुना लॅपटॉप ठेवून त्यावर फ्रिगेट नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं होतं. कॅमेरे त्याला जोडायचे आणि बेंगळुरूत ब्राउझरमध्ये बघायचे. आपल्या आईवडिलांच्या ओसरीचं चित्र कुठल्या तरी देशातल्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येऊ नये म्हणून. विचार उत्तम. पण चित्र अडखळायचं, पंधरा-वीस सेकंद मागे असायचं आणि लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. शेवटी तोही कंटाळून कंपनीच्या ॲपवरच आला होता. आम्ही दोघं त्यावर तीन रात्री बसलो. त्याला यातलं कळतं आणि मला प्रश्न विचारता येतात, एवढं भांडवल.

कळलं ते असं. कॅमेरा आरटीएसपी नावाच्या भाषेत बोलतो. ब्राउझरला ती भाषा येत नाही. पूर्वी इंटरनेट एक्सप्लोररमध्ये जोडणी बसवून काम भागवायचे, पण तो २०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने निवृत्त केला. तेव्हा मध्ये दुभाष्या लागतो. एक जुना मार्ग एचएलएस, ॲपलने २००९ मध्ये आणलेला. तो चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून एकामागून एक पाठवतो. सहा सेकंदांचा तुकडा आणि सुरू करायच्या आधी तीन तुकडे हाताशी हवेत, म्हणजे अठरा सेकंदांचा उशीर घरचाच. क्रिकेट बघायला ठीक. दारात उभ्या माणसाला "कोण पाहिजे?" विचारायला निरुपयोगी, तोवर तो शेजारच्या आळीत पोचलेला असतो. दुसरा मार्ग वेबआरटीसी, मुळात व्हिडिओ कॉलसाठी केलेला. नेट बरं असेल तर त्यात उशीर सेकंदाच्या आतबाहेर राहतो. फ्रिगेटबरोबर गोटूआरटीसी नावाचा दुभाष्या येतो, तो हे काम करतो. मुलाने तो जोडलाच नव्हता. त्याविना फ्रिगेट ब्राउझरमध्ये जे लाइव्ह दाखवतं ते कामचलाऊ, कमी ठिपक्यांचं आणि अडखळतं असतं.

पंखा ओरडण्याचं कारण वेगळं. कॅमेरा दोन्ही चित्रं एच.२६५ पद्धतीने दाबून पाठवत होता. ही पद्धत जागा वाचवते, साठवायला छान. पण सगळ्याच ब्राउझरांना ती उलगडता येत नाही. म्हणून लॅपटॉप बिचारा चारही चित्रं उलगडून पुन्हा जुन्या एच.२६४ मध्ये दाबत बसला होता. पोळी मोडून कणीक करायची आणि परत लाटायची. उपाय असा की पेटीसाठी मोठं चित्र एच.२६५ मध्येच ठेवायचं आणि छोटं कॅमेऱ्यातच एच.२६४ करायचं. मग मधल्या सॉफ्टवेअरला भाजी पुन्हा करावी लागत नाही, फक्त डबा बदलावा लागतो. पंखा गप्प झाला. काकू म्हणाल्या, "बंद पडलं की काय?"

आणखी एक कळ आहे, तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. व्हिडिओत दर वेळी अख्खं चित्र पाठवत नाहीत. मधून मधून एक पूर्ण चित्र आणि त्यामध्ये फक्त काय बदललं तेवढंच. त्या पूर्ण चित्राला आय-फ्रेम म्हणतात. तुम्ही ॲप उघडल्यावर पुढची आय-फ्रेम येईपर्यंत काळा पडदा दिसतो, आणि वाटेत एखादी हरवली तर पुढची येईपर्यंत चित्र शेवयांसारखं ओघळत राहतं. सरांकडे सेकंदाला २५ चित्रं आणि दर १०० चित्रांनंतर एक आय-फ्रेम, म्हणजे चार सेकंद. त्यावर कंपनीचा 'स्मार्ट' की 'प्लस' असा पर्याय चालू होता, तो जागा वाचवायला हे अंतर आणखी ताणतो. आम्ही छोट्या चित्राचं 'प्लस' बंद केलं, चित्रं सेकंदाला १५ केली, आय-फ्रेम दर ३० ला म्हणजे दोन सेकंदांनी, आकार १२८० बाय ७२० आणि सेकंदाला १ एमबीपीएस. सेकंदाला १५ चित्रं म्हणजे कमी, असं वाटेल. आळीतून चालणाऱ्या माणसाला १५ पुष्कळ झाली. वाचलेले बिट चेहऱ्यावर खर्च होतात, ते बरं. आणि मीटरला ६४ चे १२८ ठिपके झाले, म्हणजे मानकातल्या 'ओळखीचा माणूस ओळखता येतो' या पायरीवर छोटं चित्र आलं. एक रुपयाचा नवा कॅमेरा न घेता. खर्च काय तो केबलचा आणि चहाचा. त्या रात्री छोट्या चित्राची ही मांडणी असती तर काकूंनी झारा फोनवरच ओळखला असता असं मला वाटतं.

हे सगळं एवढं तपशिलात का लिहितोय? कारण ही एका घराची गोष्ट उरलेली नाही. आमच्यासारख्या गावांतली पोरं पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला, परदेशात आहेत. मागे वाड्यात दोन म्हातारी माणसं आणि चार कॅमेरे. मुलगा रोज बघतो. सर सांगत होते, "परवा फोन करून म्हणाला, बाबा, आज फिरायला गेला नाहीत?" सांगताना त्यांना बरंही वाटत होतं आणि थोडं अवघडल्यासारखंही. काकूंनी तर ओसरीवरच्या कॅमेऱ्यावर दुपारी पंचा टाकायला सुरुवात केली आहे. माझ्या मते पंचा बरोबर आहे. पण रात्री कोणी जिन्यात पडलं तर त्याच कॅमेऱ्यातून मुलाला ते अठरा सेकंदांनी दिसावं की एका सेकंदाने, हा प्रश्नही खरा आहे.

आणि पोलीस. कुठे चोरी झाली की आलेला हवालदार आधी वर बघतो, खांबावर, गॅलरीवर, कोणाचा कॅमेरा आहे का. गावाचा अर्धा तपास आज लोकांच्या खासगी कॅमेऱ्यांवर चालतो. तिथे फोनवरची क्लिप कामाची नाही, पेटीतलं मूळ लागतं. जालन्याचा खटला आठवत असेल. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज तीननंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता, आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द केली आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्याच खटल्यात देशभरासाठी नियम स्पष्ट केला: मूळ उपकरण हजर करत नसाल तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांचं झालं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा म्हणा, लिहावं लागतं. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या क्लिपचा ठसा मूळ फाइलशी जुळत नाही. तेव्हा काही घडलं तर फॉरवर्ड नंतर, आधी पेटीतलं पेन ड्राइव्हवर काढा.

तेही लवकर. चार कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएसने साठवत असतील तर दिवसाला १७० जीबीच्या वर जातात. एक टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आत भरते आणि जुनं पुसायला लागते. पोलीस ठाण्यांतलं चित्रण १८ महिने, आणि ते जमत नसेल तर किमान एक वर्ष ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. घरच्या पेटीला ते झेपणार नाही, पण आपली पेटी किती दिवस धरते हे मालकाला माहीत हवं. बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण २०२४ मध्ये उघड झालं तेव्हा पंधरा दिवसांचं चित्रण मिळत नसल्याचं शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं. मग शाळांना कॅमेऱ्यांची सक्ती आली. कॅमेरे आले. साठवण किती, चित्र दिसतं कसं, रोज बघतं कोण, यावर कुठल्या पालकसभेत चर्चा झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

चांगलं चित्र लांबून दिसायला लागलं की दुसरा धोका सुरू होतो, तोही सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीचं चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विक्रीला आलं. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. असल्या ठिकाणी शिरायला फार मोठी विद्या लागत नाही, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला असला की पुरे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने अशाच न बदललेल्या पासवर्डांच्या कॅमेऱ्यांची आणि पेट्यांची फौज करून अमेरिकेत अर्धा दिवस मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या होत्या. केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेची चाचणी बंधनकारक करणारी अधिसूचना काढली, ती एप्रिल २०२५ पासून लागू झाली. चांगलं झालं. पण ती नव्या मालाला. आधीच भिंतीवर आहेत त्यांचं काय?

लांबून नीट दिसावं म्हणून बसवणारे राउटरमध्ये एक 'पोर्ट उघडून' देतात. देऊ देऊ नका. ते म्हणजे दार बंद करून खिडकी जगाला उघडी ठेवणं. सरांच्या मुलाने आता व्हीपीएन लावलंय, म्हणजे त्याचा फोन आणि घर यांच्यात खासगी बोगदा. नाहीतरी मोबाईल कंपन्या आणि कित्येक केबलवाले शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बहुतेक वेळा काही पोचत नाही. व्हीपीएन जमत नसेल तर कंपनीचंच ॲप वापरा, पण पासवर्ड लांब ठेवा आणि तो बसवणाऱ्याच्या वहीत राहू देऊ नका. पेटीचं घड्याळही लावा. मी बघितलेल्या एका पेटीत अजून २०००  साल चालू होतं.

आता सार्वजनिक कॅमेऱ्यांचं. लोकवर्गणीतून, आमदार-खासदार निधीतून, पालिका-ग्रामपंचायतीतून गावोगाव कॅमेरे बसताहेत. उद्घाटनाच्या बातम्या मीही छापल्यात: इतके कॅमेरे, इतके मेगापिक्सेल, अमुक यांच्या हस्ते. माझी विनंती लोकप्रतिनिधींना आणि वर्गणी देणाऱ्यांना एवढीच आहे की निविदेत मेगापिक्सेल लिहू नका. लिहा की अमुक चौकात रात्री अकरा वाजता दुचाकीची नंबरप्लेट ठाण्यातल्या पडद्यावर वाचता आली पाहिजे, थेट आणि साठवलेल्यातही, आणि वाचता आली तरच बिल. अपलोड किती, साठवण किती दिवस, महावितरणची वीज गेल्यावर बॅकअप किती तास, खोदाईत फायबर तुटली तर जोडणार कोण, हे त्या कागदावर असू द्या. बावधनच्या बगाडाला किंवा मांढरदेवीच्या यात्रेला लाखो माणसं येतात. तिथे नियंत्रण कक्षात अठरा सेकंद मागचं चित्र बघून गर्दी वळवायची म्हणजे काय, हे २००५ ची मांढरदेवी आठवणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

त्या आचाऱ्याबद्दल लोक विचारताहेत म्हणून सांगतो. सरांनी पेटीतलं स्वच्छ चित्रण त्याच ग्रुपवर टाकलं, खाली नाव न घालता लिहिलं, "हे गृहस्थ आपल्याच गावचे, चाळीस वर्षं लोकांची कार्यं पार पाडतात." मूळ क्लिप सहा ग्रुपांत गेली होती. ही दोनच ग्रुपांत गेली. 'परप्रांतीय टोळी' वाल्याने अंगठा दाखवला आणि खाली सुप्रभातचं फूल टाकलं.

येत्या रविवारी सकाळी सरांचा मुलगा गावी येतोय. त्याने तयारी दाखवली आहे की आळीतल्या ज्यांना हवं त्यांच्या पेटीची मांडणी दोघं मिळून बघू. फुकट, पण केबल तुमची. अपलोडचा आकडा आधी मोजून ठेवा, पेटीजवळ उभं राहून, ओसरीवर नाही. इथं कॉमेंटमध्ये पेटीची कंपनी आणि तो आकडा लिहा म्हणजे तयारीनं येता येईल. पासवर्ड लिहू नका. मागच्या पोस्टखाली एकाने लिहिला होता.